पेन्सिलीची वाट

तिसरं पुस्तकही तिनं उजेडाकडे तिरपं धरलं. चित्रं पाहिली नाहीत, मजकूर वाचला नाही. फक्त नकाशाचं पान काढलं, त्यावर डोळे फिरवले, पान उलटलं आणि पुन्हा मागे आली.

ग्रंथालयाच्या या कोपऱ्यात प्रवासाची पुस्तकं होती. 'स्पॅनिश बोलणारे देश' अशी पट्टी लावलेल्या फळीवर स्पेन, मेक्सिको, चिली अंगाला अंग लावून उभे होते. बोलिव्हियाची पुस्तकं तीन. एक गुळगुळीत फोटोंचं, एक स्वस्तात राहायच्या जागांचं, एक पायवाटांचं. तिन्ही तिच्यापुढे टेबलावर होती.

यांतल्याच एकात तिच्या लेकीनं रेघ ओढली होती. निघायच्या आदल्या दिवशी ती फोनवर हसत म्हणाली होती, "आई, सगळी वाट पेन्सिलीनं आखली. फोटो काढून घेतला आणि पुस्तक परत करून टाकलं. एवढा धोंडा कोण वाहणार?"

फोटो फोनमध्ये. फोन लेकीजवळ. आणि लेक डोंगराखालच्या शेवटच्या गावात बसमधून उतरली, त्यानंतर कुणालाच दिसली नाही. त्या गावातून वर तीन वाटा जातात. शोधायला जाणारी माणसं मोजकी, एका वेळी एकच वाट धुंडाळता येईल एवढीच. वर बर्फ पडू लागला होता. कोणती वाट, एवढंच तिकडून पुन्हा पुन्हा विचारत होते.

हे तिनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर लेक आहे म्हणायचं की होती, तिथंच जीभ अडत होती.

पुस्तकं लावणाऱ्या मामांनी तिला पानं तिरपी करून बघताना पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. पुस्तकाची स्वच्छता बघून घेणारी माणसं हल्ली कुठे भेटतात? स्टूल ओढून ते शेजारी बसले. कधी निघणार, कोण कोण जाणार, अशी चौकशी केली. ती एकटीच जाणार म्हटल्यावर त्यांनी मनापासून सल्ला दिला. फोटोंचं पुस्तक घरी बसून चाळणाऱ्यांसाठी, ते ठेवून द्या. राहायच्या जागांचं जुनं झालंय, त्यातली निम्मी हॉटेलं बंदही पडली असतील. तुम्ही पायवाटांचं घ्या. एकट्या बाईमाणसाची वाट चुकता कामा नये.

"यात कुणी काही लिहिलेलं आहे का, दादा?" तिनं विचारलं.

काउंटरवर शिक्के मारणारी बाई तिथूनच हसली. "अहो ताई, त्यांना आम्ही खोडरबरमामा म्हणतो. तान्हं बाळ हातात दिलं ना, तर गालावरचा तीळ पुसून परत देतील."

मामाही हसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी झिजून वाटाण्याएवढं झालेलं खोडरबर काढून दाखवलं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या टेबलावर येतं. कुणी ओळीखाली रेघा मारतं, कुणी समासात हिशेब करतं, कुणी नकाशातल्या समुद्रात होडी सोडतं. मामा पान न् पान पुसतात. पुढच्याला पुस्तक कसं नवंकोरं वाटलं पाहिजे, आपल्याआधी कुणी इथं पाऊलच टाकलं नाही असं.

त्यांनी पायवाटांच्या पुस्तकातला नकाशा उघडला. "हेच बघा. अलीकडेच कुणीतरी या पानावर अख्खी वाट काढली होती. बारीक, लांबच लांब. तळ्याच्या काठानं, डोंगराच्या पोटातनं, पार ढगाच्या उशाशी. बराच वेळ बसलो होतो पुसत. आता आहे का कुठे?"

नव्हती. डोंगर कोरे होते. तळी निळी होती. तीन वाटा सारख्याच तुटक ठिपक्यांनी छापलेल्या होत्या.

"माझ्या मुलीची होती ती," ती म्हणाली. मग राहिलेलं सगळं तिनं सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगावं तसं, हळू.

काउंटरवरचा शिक्का थांबला.

"तुमचं खोडरबर कुठपर्यंत गेलं होतं, दादा, तेवढं आठवा," ती म्हणाली.

मामांनी डोळे मिटले. त्यांचा हात टेबलावर फिरू लागला. गाव. तळं. तळ्यापाशी हात डावीकडे वळला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला आणि थांबला. इतकी वर्षं एवढ्या रेघा पुसल्या, पण रेघ कुठे चाललीय हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती गेली की नाही, एवढंच पाहिलं होतं.

मग ते एकदम उठले. दिवा ओढून आणला, पानाला अगदी आडवा लावला. "पेन्सिल जाते, ताई, दाब जात नाही. कागदात चर राहतो. त्या चरांनी मला आयुष्यभर छळलंय. बोट फिरवा. सावकाश."

तिनं बोट गावावर ठेवलं. निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावं तसं ते वर नेलं. पहिल्या वाटेनं गेली, परत आली. दुसऱ्या वाटेनं गेली. तिसऱ्या. पान उलटून मागूनही पाहिलं. कागद दुधावरच्या सायीसारखा सपाट होता.

"लागतंय का काही?" मामांनी विचारलं.

तिनं बोट उचलून मुठीत घेतलं.

"नाही लागायचं. लहानपणी फार दाबून लिहायची ती, मागच्या पानावर उमटायचं. हात हलका ठेव म्हणून मीच पट्टी मारायचे तिच्या बोटांवर."