व्हेनिसची तयारी

व्हेनिसमध्ये कालव्यांवर जागोजागी पूल, पुलांना पायऱ्या आणि बॅग आपली आपणच उचलायची. मेमध्ये जायचंय चारच दिवस, पण माझी तयारी फेब्रुवारीपासून चालू. रोज संध्याकाळी बॅगेत गव्हाचं पीठ भरून मी बिल्डिंगचे जिने चढतो-उतरतो. स्वतःला गिर्यारोहकच समजतो.

काल मी धापा टाकत असताना खालच्या मजल्यावरच्या टिपणीसकाकूंनी दार उघडलं, हातात उपम्याची वाटी दिली आणि हळूच म्हणाल्या, "रोज बॅग घेऊन निघता, रोज परत जाता. जुळवून घ्या हो बायकोशी!"

घरी येऊन मी हसत हसत बायकोला सांगितलं, "अगं, काकूंना वाटतंय, तू मला रोज घराबाहेर काढतेस!"

"मीच सांगितलंय तसं," उपमा खात ती म्हणाली. "खरं कारण सांगायची लाज वाटली."