डिलीटवरची चिकटपट्टी

कीबोर्डवरच्या डिलीटच्या बटणावर नाबरबाईंनी चिकटपट्टी लावली होती. शब्दकोशाचं काम सगळेच घरून, एका सर्व्हरवर करायचे. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी आपलं समजून सामंतसरांचं फोल्डर पुसलं. मासेमारीचे नऊशे शब्द गेले. दुसरी प्रत नव्हती. सर एका शब्दाने बोलले नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं. तेव्हापासून त्या स्वतःच्या चुकाही पुसायला घाबरायच्या.

आज लॉगिन केलं, तर पडद्यावर फक्त त्यांचंच फोल्डर. त्यांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या इरफानला फोन लावला.

"मला कोंडून ठेवलंस ना? बरं केलंस."

"तुम्हालाच नाही, बाई. सगळ्यांनाच. आता ज्याचं त्याला तेवढंच दिसणार. दुसऱ्याचं पुसायचं म्हटलं तरी जमणार नाही. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. चूक माझी होती."

बाईंनी चिकटपट्टीची सुटलेली कड बोटाने दाबून बसवली.

"तुमच्या फोल्डरमध्ये मी एक नवी फाइल ठेवलीय बघा. सरांनी ते शब्द आठवून पुन्हा लिहायला घेतलेत. तपासायला बाईंकडेच द्या म्हणाले."

फाइल उघडली. पहिल्याच पानावर एक शब्द दोनदा आला होता. बाईंनी नखाने चिकटपट्टी सोलून काढली.