जोडी थंड होईपर्यंत

मोताळ्याचा बाजार उठायला आला, तसा युसूफने गेम मशिनांचा खोका पुढ्यात ओढला आणि चिकटपट्टी शोधायला लागला. हातात धरून खेळायची ही मशिनं त्याने दुकानात मोठ्या हौसेने मागवली होती. गिऱ्हाईक यायचं, बटणं दाबून बघायचं, "हे तं मोबाईलातही होते ना," म्हणायचं आणि चार्जर घेऊन चालू पडायचं. आज संध्याकाळी एजंट माल परत न्यायला येणार होता. एखादं जरी खपलं असतं, तर युसूफने त्याला काहीबाही सांगून वाटेला लावलं असतं.

"अब्बा, एक बाहेर राहू द्या," अदीबा म्हणाली.

या लेकीने कॉलेजची सगळी सुट्टी घालवून एक गेम बनवला होता, शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा. बैलजोडी, छकडा, झेंडी, सगळं होतं त्यात. पण तो चालायचा फक्त या मशिनावर. खोका गेला की पोरीचे बैलही गेले. म्हणूनच की काय, समोर पडलेली चिकटपट्टी युसूफला काही केल्या सापडत नव्हती.

तेवढ्यात कडूबा आला, बॅटरीचे सेल न्यायला. एके काळी पंचक्रोशीतले पट गाजवलेला हा गडी आता गुडघ्यांनी जेरीस आला होता आणि त्याचा गोठा कधीच रिकामा झाला होता. अदीबाने सेलऐवजी मशीनच त्याच्या हातात ठेवलं.

"बाबा, पाहा बरं, बैल बराबर पयतात का."

"मले काय समजते त्यातलं?" म्हणत कडूबाने पडद्यात डोळे घातले. झेंडी पडली.

पहिल्या खेपेला जोडी बांधावर चढली. दुसऱ्या खेपेला कडूबाने चपला काढल्या. छकड्यावर उभं राहावं तसा तो पाय फाकवून, गुडघे वाकवून उभा राहिला. बटणांवरचे अंगठे आता कासरे ओढत होते.

"मोऱ्या! तांबड्या! हॅ हॅ हॅर्र!"

अख्ख्या बाजाराने माना वळवल्या. भाजीवाल्या पुष्पाबाईने तराजू तसाच धरून ठेवला. माणसं कडूबाच्या पाठीवर ओणवी झाली, पुढची मागच्यांना शर्यत सांगायला लागली. युसूफच्या अंगावर काटा आला. इतके बाजार धूळ खात पडलेला हा डबा, आणि त्यात बघता बघता माणसं श्वास घ्यायची विसरली होती!

"जितली! जोडी जितली!" कुणीतरी ओरडलं.

अदीबाने हात पुढे केला. "द्या बाबा, बंद करते."

कडूबाने मशीन छातीशी धरलं. "बंद? काऊन वं माय? आत्ताच तं पयले. फिरवल्याबिगर कोनी खुट्याले बांधते का? पाय आखडतेत त्याहिचे."

पडद्यावर बैल जागच्या जागी धापा टाकत उभे होते. कडूबा मशीन दोन्ही हातांवर घेऊन दुकानाच्या ओट्यावरून उतरला आणि अनवाणीच रस्त्यावर धीम्या पावलांनी चालायला लागला. कुणी हसलं नाही. गर्दी बाजूला सरली आणि तिने वाट दिली.

"अब्बा," अदीबा पुटपुटली, "हे फिरवणं तं मी बनवलंच नव्हतं."

दुकानाशी उभ्या असलेल्या रंगरावाने युसूफचं मनगट धरलं. "भाई, अशी जोडी आनखी हाय का?"

"माह्यासाठीबी एक पाह्य," मागून आवाज आला.

मशीन कुणीच मागत नव्हतं, सगळे जोडी मागत होते. युसूफने खोक्यात हात घातला, तोच कोपऱ्यावर एजंटचा टेम्पो हॉर्न वाजवत वळला. खोका तसाच टाकून युसूफ रस्त्यात धावला आणि दोन्ही हात पसरून टेम्पोपुढे उभा राहिला.

"हॉर्न बंद करा, साहेब," तो दबक्या आवाजात म्हणाला. "जोडी अजून फिरून राह्यली."