न वाचायचं पत्र

डार्सी मिशोचा हात माऊसवर थांबला होता. स्क्रीनवर लिहिलं होतं: शिक्षक माझ्याबद्दल कॉलेजला जे शिफारसपत्र लिहितील, ते पाहण्याचा हक्क मी सोडून देत आहे. पुढे रिकामा चौकोन, आणि खाली 'हक्क राखून ठेवते' असा दुसरा. वर्गातल्या बाकीच्या एकवीस पोरांनी पहिल्यात खूण केली होती आणि ती जेवायला निघून गेली होती. भिकाऱ्यापुढे नाणं टाकतानाही माणूस याहून जास्त विचार करतो. पण हा कायद्याने दिलेला हक्क होता, आणि तो टाकायला शाळाच शिकवत होती.

खिडकीबाहेर कागदगिरणीची वाफ बर्फाच्या आकाशात चढत होती, पांढऱ्यात पांढरी. डार्सीला वाटलं, आपण त्या वाफेतून चाललोय. पुढे एक लांबलचक टेबल आहे. भोवती अनोळखी माणसं बसलीत आणि एक कागद हातोहात फिरतोय. जो तो वाचतो, मान वर करून तिच्याकडे बघतो, कागद पुढे सरकवतो. ती जवळ जाईल तसं टेबल दूर जातं. महिनाभर हे स्वप्न तिला झोपेत पडत होतं. आता ते दिवसाही पडायला लागलं होतं.

सल्लागार हॅस्केल बाईंनी तिला दोनदा समजावलं होतं. हक्क राखून ठेवला की कॉलेजवाल्यांना वाटतं, पोरीने मास्तरच्या मानगुटीवर बसून पत्र लिहून घेतलं. असल्या पत्राला कोणी विचारत नाही. मैत्रीण टेसा तर जाता जाता म्हणाली होती, "अगं, खूण मागतायत, किडनी नाही."

टेसाचं बरं होतं. डार्सीच्या दहावीच्या निकालात केमिस्ट्रीचा एक 'डी' होता. आजूबाजूला सगळे 'ए', मध्ये तो एकटा, शर्टावरच्या डागासारखा. तो कॉलेजच्या दारात आडवा पडला होता. आत जाता आलं नाही, तर आईसारखीच गिरणीची पाळी. कॉलेजला विज्ञानाच्या शिक्षकाचंच पत्र हवं होतं आणि शाळेत विज्ञान शिकवणारे एकटे थिबोडो सर. 'डी' देणारेही तेच. त्यांनी निरोप धाडला होता की, हक्क सोडल्याची खूण झाल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आजचा.

दार वाजलं. थिबोडो सर आत आले, कोटावरचा बर्फही न झटकता. झालं का, असं त्यांनी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"माझ्या तोंडावर बोलता येत नाही, असं काय लिहिणार आहात?" तिने विचारलं. "मी ढ आहे? आळशी आहे? आईला तर तुमचा 'डी' बघून तसंच वाटलं होतं."

सर बसले नाहीत.  त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा आला, हळू, लांबून.

"त्या वर्षी मी शाळेत पिऊन येत होतो. तुमच्या वर्गाचे पेपर मी उघडलेच नाहीत. मनाला येईल ते ग्रेड टाकले. हे त्या कॉलेजला लिहिणार आहे मी. परक्या माणसांना सांगायला जमेल. तू ते वाचावंस, एवढी हिंमत नाही माझ्यात."

 दोन वर्षं डार्सी त्या 'डी'ची माफी मागत फिरली होती. आईची, हॅस्केल बाईंची, रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःचीसुद्धा.

तिने 'हक्क राखून ठेवते' वर खूण केली. शेजारची खुर्ची ओढली.

"बसा सर," ती म्हणाली. "माझ्यासमोर लिहा."