उलटे आटे

"हा ठिपका आहे, स्टेफा," लुद्विक भिंगावरून डोळा न काढता म्हणाला. "छपाईचा ठिपका. त्यावरून नवऱ्याला शूरवीर करायला निघालीस?"

टेबलावर पोस्टाचं नवं तिकीट होतं. जर्मनांविरुद्धच्या वॉर्साच्या उठावाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेलं. त्यावर तळघरात चोरून जुळवलेली मशीनगन, अंगठ्याच्या नखाखाली झाकेल एवढी. सकाळी स्टेफानं ते पाहिलं आणि भावाला फोन केला. भाऊ आला, पण कोट न काढता बसला. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. तिचा नवरा झेनॉन लढाईत जर्मनांच्या पंपांचे भाग करायचा, म्हणून उठावात लढलेल्या लुद्विकनं मेव्हण्याशी कधी हात मिळवला नाही. झेनॉनच्या मयतीलाही तो लांब, फाटकाशीच उभा राहिला.

"नळीच्या मागे बघ, दादा. फिरवून बसवायची कडी आहे. बोटं सरकू नयेत म्हणून कडेला रेघा पाडलेल्या."

"असेल. कड्या पंपालाही असतात."

"या गनचे भाग गावभरच्या लेथांवर व्हायचे. करणाऱ्यालाही ठाऊक नसायचं कशाचे आहेत. दर ऑगस्टला शाळेत तूच सांगतोस ना?"

"ज्यांनी केले त्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर लागलीत. आणि झेनॉन स्वतः काय म्हणायचा?"

"पंपाचे."

"मग झालं."

तिकिटावरची ती कडी तिच्या रोजच्या हातातली होती. लढाई संपल्यावर झेनॉननं तसलीच एक कॉफीच्या गिरणीच्या झाकणाला बसवली होती, नेहमीच्या उलट दिशेनं सुटणारी. पंपाला उलटे आटे कशाला, असं तिनं एकदा विचारलं, तर तो पेपरामागून म्हणाला, "जर्मनांचं पाणी उलटं चढतं." पुढे काही नाही.

तुमच्या गनचे आटे उलटे होते का, हे भावाला विचारता आलं असतं. पण नाही म्हणायला त्याला वेळ लागला नसता.

तिनं फडताळातून गिरणी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"कॉफी तरी घेशील? झाकण उघड. माझी बोटं आता वळत नाहीत."

लुद्विकनं सवयीनं गिरणी गुडघ्यांत धरली. डोळा तिकिटावरच होता. "चित्रकारानं पट्टा चुकवलाय. कधी हातात धरली असेल तर ना. आम्ही ती अंधारात उघडायचो, पुसायचो, परत जोडायचो. काडी ओढायची सोय नव्हती. मला विचार म्हणावं."

या घरात येणारा प्रत्येक जण ते झाकण आधी डावीकडे फिरवायचा आणि आणखी घट्ट करून ठेवायचा. शेजारीण, पाद्री, पोटची मुलंसुद्धा. मग स्टेफा हसत गिरणी काढून घ्यायची. आज ती हसत नव्हती. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

अंगठा कडीवर टेकला आणि उजवीकडे वळला. एक हिसका, मग सावकाश दोन वेढे. कडी सुटून तळहातावर आली.

लुद्विक पट्ट्याबद्दल अजून काहीतरी सांगत होता. ते वाक्य मध्येच राहिलं.

स्टेफानं कॉफीच्या दाण्यांची पिशवी खाली ठेवली.

"पहिल्याच खेपेला," ती म्हणाली. "असं कुणालाच जमत नाही, दादा. तू असले पंप कुठे उघडलेस?"

त्यानं भिंग बाजूला केलं. झेनॉनपुढे कधी न केलेला तो उजवा हात टेबलावर उघडा होता, आणि मधोमध कडी. बराच वेळ त्याची बोटं तशीच पसरलेली राहिली. मग ती एकेक करून कडीभोवती मिटली.