अंगठ्याचं माप

बाळंतपणामुळे टेन-पिन बोलिंगचा अख्खा मोसम इरावतीने घरात काढला. नवरा, राजस, प्रत्येक स्पर्धेहून आला की म्हणायचा, "मिश्र दुहेरी आणि तुझ्याशिवाय? छे! एकेरीच खेळलो."

आज गोमती नगरच्या बोलिंग सेंटरमध्ये तिने हौसेने आपला बॉल उचलला. त्याची भोकं तिच्याच बोटांच्या मापाने पाडलेली, पण अंगठा काही आत शिरेना.

"बाळंतपणात सुजलीत बोटं तुझी," राजस हसला.

स्वतःच्याच हातावर चरफडत ती दुरुस्तीच्या काउंटरवर गेली. "भैया, अंगूठे का छेद ज़रा बड़ा कर दीजिए."

भैयाने बॉल फिरवून पाहिला. "फिर से बड़ा? साहब ने ही तो छोटा करवाया था, मैडम. उनकी पार्टनर का अंगूठा पतला है ना."