टिटवीचं गवत

“टिटवीची अंडी दिसली की विळा आवरायचा, लेकरा. तीपण आईच हाय.” आईचा हा बोल भिवाच्या कानात पन्नास वर्षं घुमत होता. म्हणूनच विमानं उतरायच्या माळावरचं गवत कापताना त्यानं कडेला खाटेएवढा दाट तुकडा राखला होता, कुणाला न सांगता.

आज त्याच गुडघाभर गवताच्या काठाला रेवतीच्या शिकाऊ विमानाचं चाक अडकलं. विमान गर्रकन फिरलं, नाकावर आपटलं, पंख्याचं पातं मोडलं. रेवती पट्टा सोडून बाहेर आली. कोपर खरचटलं होतं, बाकी धडधाकट.

“एकटीनं उतरायची पहिलीच वेळ आणि हे?” शिकवणारे सर कडाडले. “तुझा हातच बसत नाही. उद्यापासून येऊ नकोस!”

“चुकलंच माझं, सर,” ती मान खाली घालून म्हणाली.

भिवा विळा घेऊन जवळच उभा होता. बोलावं तर नोकरी जाईल, गप्प बसावं तर पोरीचं आभाळ जाईल. डोक्यावर टिटवी आकांत करत घिरट्या घालत होती.

त्यानं विळा खाली ठेवला. “सर, पोरीचा हात न्हाई चुकला. ते गवत म्याच ठेवलं. आत अंडी हायेत.”

सर तरातरा गेले, वाकले. चार ठिपकेदार अंडी, शाबूत. ते उठून भिवाकडे वळले.

“आधी सांगायला काय झालं होतं रे? चुन्यानं खूण केली असती.” मग हळूच, “कधी फुटतील?”

“आठ-धा दिसांत.”

“तोवर पलीकडच्या अंगानं उतरू. रेवती, सोमवारी सातला ये.”